चढ परतीचा होता: चोपडा तालुक्यातल्या बारा सायकलींच्या गियरचं प्रकरण

चोपड्याहून उत्तरेला निघालं की सातपुडा समोरच दिसतो, पण रस्ता बराच वेळ सपाट राहतो. केळीच्या बागा, कापूस, काळी जमीन. शेवटच्या काही किलोमीटरांत जमीन दगडाळ होते आणि रस्ता वर चढायला लागतो. हे प्रकरण त्या शेवटच्या टप्प्याचं आहे.

पायथ्याच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेने आमच्याकडे, म्हणजे दान आलेल्या सायकली दुरुस्त करून देणाऱ्या आमच्या गटाकडे, बारा सायकली मागितल्या होत्या. ज्यांना त्या द्यायच्या त्यांतल्या सात मुली वरच्या पावरा आदिवासींच्या वस्त्यांवरून येणार होत्या, अंतर साधारण साडेसहा किलोमीटर. उरलेले पाच जण खालच्या अंगाच्या सपाट गावांतले, तीन-चार किलोमीटरवरचे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, पण ती सोय शाळेपासून ५ किलोमीटरच्या आतल्या मुलींसाठी आहे. एसटीचा मोफत पास या मुलींना आहे, पण एसटी पाड्यापर्यंत जात नाही. त्यामुळे चालत जाणं किंवा शाळा सुटणं एवढंच हातात उरतं.

आमची कार्यशाळा म्हणजे बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारातल्या दोन खोल्या. दर रविवारी चार-सहा जण जमतो. चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलेले मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. डिप्लोमाला असलेला एक मुलगा. नोंदवही सांभाळणारे एक निवृत्त गुरुजी. आणि मी. दान आलेल्या सायकली पुण्या-नाशकाच्या सोसायट्यांमधून येतात. केळी उतरवून रिकामी परतणारी एखादी गाडी ओळखीच्या माणसाने मिळवून दिली की भाड्याचा प्रश्न मिटतो. या खेपेला पंधरा आल्या: दहा सव्वीस इंची, पुढे तीन आणि मागे सात चकत्या अशा एकवीस गियरच्या, तीन काळ्या अठ्ठावीस इंची, दोन बिनगियरच्या लेडीज.

पहिल्याच रविवारी एका प्रश्नावर आमचं अडलं. गियर ठेवायचे की काढायचे?

आधीच्या वर्षाची चूक

या प्रश्नाला एक इतिहास होता, आणि तो आमचाच होता. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही याच पट्ट्यात गियरच्या सहा सायकली दिल्या होत्या. मनापासून दुरुस्त केल्या होत्या. एकवीसही गियर चालत होते, स्टँडवर उचलून प्रत्येक चकतीवर चेन फिरवून पाहिली होती. चार महिन्यांत चार सायकली परत आल्या.

दोघींच्या सायकलींवर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तारेने फ्रेमला बांधलेला होता आणि चेन पुढे ४२ दात्यांच्या मोठ्या चकतीवर, मागे १४ च्या सर्वांत लहान चकतीवर अडकून बसलेली होती. म्हणजे एकवीस गियरमधला सगळ्यात जड गियर तेवढा उरला होता. गियर बदलायचा, हँडलवर वळवायचा शिफ्टर आतल्या वाळलेल्या ग्रीसमुळे घट्ट झाला होता. गियरची केबल तुटली तेव्हा गावातल्या दुकानात मिळाली नाही, कारण तिथे फक्त ब्रेकची केबल असते. ती दीड मिलीमीटरच्या आसपास जाड, गियरची १.२ मिलीमीटर. ब्रेकच्या केबलचा मुंडा शिफ्टरच्या खाचेत बसतच नाही.

आणखी एका सायकलीची गोष्ट मला अजून बोचते. सायकल उजव्या बाजूला पडली, डिरेलर ज्या हँगरवर टांगलेला असतो तो आत वाकला. बाहेरून काही दिसत नव्हतं. दोन दिवसांनी मुलीने चढावर हलका गियर टाकला आणि डिरेलर सरळ मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये गेला. चाक जागच्या जागी थांबलं. मुलगी पडली, कोपर सोललं, त्याहून जास्त काही झालं नाही. पण त्या सायकलवर चेन आणि स्पोक यांच्यामध्ये असते ती प्लास्टिकची पारदर्शक तबकडी आम्हीच काढून टाकली होती. पिवळी पडली होती, दिसायला वाईट दिसत होती, एवढ्या कारणासाठी.

म्हणून या वर्षी आबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, गियर काढून टाका सगळे. एक चेन, एक फ्रीव्हील. पोरं शिकतील, म्हातारी होतील, सायकल चालेल." फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकती.

डिप्लोमावाला मुलगा अडून बसला. चढावर सिंगल गियर म्हणजे सायकल ढकलायची, मग देऊन उपयोग काय, असं त्याचं म्हणणं. दोघांचंही खरं होतं, आणि वाद घालून ते सुटणारं नव्हतं. आम्ही रस्ता मोजायला गेलो.

रस्ता

ओळखीच्या गवंड्याकडून लेव्हलची पाण्याची नळी घेतली आणि दहा मीटरची दोरी. पाड्यापासून शाळेपर्यंत जिथे चढ डोळ्याला जाणवत होता तिथे तिथे नळी लावली. बराचसा रस्ता दहा मीटरला वीस-तीस सेंटीमीटर, म्हणजे दोन-तीन टक्के. मधला एक चारशे मीटरचा तुकडा दहा मीटरला साठ सेंटीमीटर, सहा टक्के. आणि एका नाल्यावर फरशी आहे. तिथे रस्ता खाली उतरतो आणि पलीकडे लगेच वर येतो. त्या पलीकडच्या पंचवीस मीटरला जवळजवळ नऊ टक्के.

आम्ही सकाळी वरून खाली मोजत आलो होतो, त्यामुळे एक साधी गोष्ट दुपारी परत जाताना डोक्यात आली. मुली शाळेत जातात तेव्हा उतार असतो. चढ परतीचा असतो. शाळा सुटल्यावर, पोटात डबा कधीच जिरलेला असताना, आणि मार्चपासून पुढे तर डोक्यावर असं ऊन की रस्त्याचं डांबर टायरला चिकटतं. शाळेच्या आवारात नवी सायकल चालवून मुलगी "मस्त आहे" म्हणते, त्या परीक्षेला काहीच अर्थ नव्हता. परीक्षा त्या चारशे मीटरची होती, दुपारच्या.

उतारामुळे दुसरा निर्णय आपोआप झाला. वरच्या सातही सायकलींना ब्रेक चांगला हवा, गियरची गोष्ट त्याच्या नंतर. काळ्या अठ्ठावीस इंचींना स्टीलच्या रिम आणि दांड्याचे ब्रेक होते. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक नीट धरत नाही हे पावसात सायकल चालवलेल्या कोणालाही सांगायला नको. त्या तिन्ही सायकली पाड्याच्या यादीतून तिथेच बाद झाल्या. सव्वीस इंचींपैकी अ‍ॅल्युमिनियमच्या रिम असलेली चाकं निवडून वरच्या सात सायकलींसाठी राखली, ब्रेकचे रबर सगळे नवीन घातले.

हिशोब

गियरचा हिशोब आम्ही "एका फेरीत किती मीटर" असा करतो. पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की सायकल किती पुढे जाते, एवढंच. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचा घेर. सव्वीस इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण २.०५ मीटर, अठ्ठावीस इंची काळ्या सायकलच्या चाकाचा २.२५ च्या आसपास. काळ्या सायकली ४४ आणि १८ दात्यांवर आल्या होत्या, म्हणजे एका फेरीत साडेपाच मीटर. एकवीस गियरच्या सायकलचा सगळ्यात जड गियर, ४२ वर १४, सहा मीटरच्या वर. सगळ्यात हलका, २४ वर २८, पावणेदोन मीटर.

हे आकडे पायाला काय सांगतात ते गुरुजींनी फळ्यावर मांडलं, आणि माझ्या मते त्या दिवशी वाद तिथेच संपला. मुलगी ३५ किलोची, सायकल १८ किलोची, दप्तर पाच. एकूण ५८ किलो. सहा टक्क्यांच्या चढावर, खडबडीत रस्त्याचा विरोध धरून, तिला सतत साधारण ४३ न्यूटनने पुढे ढकलावं लागतं. साडेपाच मीटरच्या गियरवर हेच काम पायडलच्या एका फेऱ्यात करायचं असतं, आणि १७ सेंटीमीटरच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) पाऊल एका फेऱ्यात जेमतेम एक मीटर सात सेंटीमीटर फिरतं. भागाकार केला की पायावर सरासरी बावीस किलोचा जोर येतो. सरासरी. पायडल वर-खाली टोकाला असताना जोर लागतच नाही, त्यामुळे आडवं असताना तो दीडपट लागतो: तेहेतीस-चौतीस किलो. म्हणजे प्रत्येक पावलाला मुलीने आपलं जवळजवळ सगळं वजन एका पायडलवर टाकायचं, आणि असं चारशे मीटर. ती खाली उतरून ढकलणारच, त्यात तिचा आळस नाही.

तोच चढ दोन मीटरच्या गियरवर काढला तर सरासरी जोर सव्वाआठ किलो. ताशी सात किलोमीटरच्या वेगाला मिनिटाला सत्तावन्न फेरे पडतात, पाय सहज फिरतात. साडेपाच मीटरच्या गियरवर त्याच वेगाला एकवीस फेरे.

आबा फळ्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मग दोन मीटरचाच सिंगल करा." हाही विचार केला. पण मिनिटाला साठ फेरे मारून त्या गियरवर सपाटीला ताशी साडेसात किलोमीटरच वेग मिळतो, चालण्यापेक्षा थोडासाच जास्त. साडेसहा किलोमीटरला पाऊण तासापेक्षा जास्त. मुली आठ दिवसांत सायकल घरी ठेवतील. खालच्या गावांना मात्र हे लागूच नव्हतं. तिथे सपाट रस्ता, एकच गियर, बास. तिथल्या एका वडिलांनी तर सायकल बघायच्या आधीच सांगितलं होतं, "माले गियर नको भाऊ. साखळी पडाले नको, बस."

म्हणजे बारा सायकलींना एकच उत्तर नव्हतं. खालच्या पाचांना सिंगल. वरच्या सातांना गियर, पण एकवीस नव्हे.

पुढे एक, मागे सात

पुढच्या तीन चकत्या हा आमच्या भागात सगळ्यात निरुपयोगी भाग आहे असं माझं ठाम मत झालं आहे. पुढचा शिफ्टर, पुढची केबल, पुढचा डिरेलर एवढ्या तीन गोष्टी त्याच्यामुळे बिघडायला मिळतात, आणि दोन्हीकडचे गियर जुळवायचे कसे हे नवशिक्या मुलीला कोणी सांगत नाही. त्याऐवजी पुढे फक्त मधली ३४ ची चकती वापरायची आणि मागे १४ ते ३४ दात्यांची सात चकत्यांची फ्रीव्हील लावायची. तिच्यात १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग एकदम ३४ अशी उडी असते. शेवटच्या ३४ वर बरोबर एकास एक, म्हणजे २.०५ मीटर. गुरुजींच्या फळ्यावरचाच आकडा. आणि १८ वर ३.८७ मीटर, मिनिटाला साठ फेऱ्यांना ताशी चौदा किलोमीटर. सपाटीला तेवढं पुष्कळ.

डिप्लोमावाल्याने एक वेगळी युक्ती सुचवली: नवीन फ्रीव्हील घ्यायचीच कशाला, पुढे आतली २४ ची चकती धरा आणि मागची जुनी १४-२८ तशीच ठेवा. पावणेदोन ते साडेतीन मीटर, फुकटात. आम्ही एक सायकल तशी जोडून पाहिली. मागे बाहेरच्या लहान चकत्यांवर गेलं की चेन तिरकी होऊन पुढच्या मधल्या चकतीच्या दात्यांवर घासत होती, करकर असा आवाज. बाहेरच्या दोन-तीन चकत्या बंद केल्या तर घासणं थांबतं, पण मग सपाटीचा गियर उरत नाही. सोडून दिलं.

खरी अडचण वेगळीच निघाली. स्वस्त सायकलींच्या पुढच्या तीन चकत्या एकमेकींना रिव्हेटने पक्क्या ठोकलेल्या असतात. नको त्या दोन काढता येत नाहीत. आणि पुढचा डिरेलर काढला तर खड्ड्यात उसळलेली चेन मधल्या चकतीवरून आतल्या २४ वर पडते. उपाय आबांनीच काढला, गियरला विरोध करणाऱ्या आबांनी. पुढचा डिरेलर काढायचाच नाही. केबल आणि शिफ्टर काढून टाकायचे, आणि डिरेलरचे दोन्ही मर्यादेचे स्क्रू आवळून त्याचा पिंजरा बरोबर मधल्या चकतीवर कायमचा अडकवायचा. चेनला दोन्ही बाजूंनी भिंत. हलणारा भाग नाही, बिघडायला काही नाही.

माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे ते. आबा उकिडवे बसलेले, एका हातात लहान स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हाताने पायडल हळूहळू उलटं फिरवत. मागे चेन ३४ वर नेली, की पिंजऱ्याच्या आतल्या पत्र्याला ती किंचित घासायची. अर्धा आटा सैल. मग मागे १६ वर, आता बाहेरच्या पत्र्याला घासायची. पाव आटा आवळ. त्यांनी कान जवळ नेला, डोळे मिटले, आणि पुन्हा पायडल फिरवलं. दोन्ही टोकांना चेन नुसती सरकण्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी स्क्रू सोडला नाही. १४ ची चकती मात्र आम्ही मागच्या डिरेलरच्या स्क्रूने बंदच केली. तिथे चेन फार तिरकी होते आणि मुलींना तो जड गियर कशालाच लागत नव्हता.

हँगर सगळे तपासले. त्याचं महागडं मोजमापाचं हत्यार आमच्याकडे नाही. पण हँगरचे आटे १० मिलीमीटर जाड आणि १ मिलीमीटर पिचचे असतात, आणि झटकन काढता येणाऱ्या मागच्या चाकाचा एक्सलही त्याच आट्यांचा असतो. असं एक चाक आमच्याकडे पडून होतं. त्याचा एक्सल हँगरमध्ये फिरवून बसवायचा, की सायकलच्या चाकाशेजारी दुसरं चाक उभं राहतं. दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे सारखं आलं पाहिजे. दहापैकी सहा हँगर वाकलेले होते. एकाचं अंतर तर वर आणि खाली यांत बोटभर वेगळं होतं. त्याच चाकाला धरून हळूच वाकवून सरळ केले.

चेनसाठी स्टीलची पट्टी पुरते. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. इंचाच्या सोळाव्या भागाने वाढल्या तर चेन बदलायची; अष्टमांशाने वाढल्या तर तिने फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेले असतात. नव्या फ्रीव्हीलवर जुनी ताणलेली चेन आम्ही कुठेच घातली नाही, नाहीतर जोर दिल्यावर ती दात्यांवरून उसळते आणि पाय एकदम खाली जातो. चढावर उभं राहून पायडल मारणाऱ्या पोरीसाठी याहून वाईट काही नाही.

शिफ्टर अंगठ्याने सरकवायचे साधे घेतले, खटखट न वाजणारे, जिथे ठेवू तिथे घर्षणाने थांबणारे. हँगर पुन्हा थोडा वाकला, केबल थोडी ताणली, तरी अंगठा अर्धा मिलीमीटर पुढे-मागे केला की चेन जागेवर बसते. वळवायच्या खटक्याच्या शिफ्टरला ही माफी नसते. आणि त्या दांडीवर आम्ही नेलपॉलिशने दोन खुणा केल्या. लाल खुण म्हणजे ३४, चढ. पांढरी म्हणजे १८, सपाट. मधले गियर ज्याला हवे त्याने शोधावे.

प्लास्टिकच्या पिवळ्या तबकड्या सातही सायकलींना धुऊन पुन्हा बसवल्या. दहापैकी उरलेल्या तीन सायकली सुट्या भागांसाठी मोडल्या. दोन सायकलींवर मात्र ३४ ची फ्रीव्हील बसली नाही. त्यांचे डिरेलर २८ पर्यंतचेच होते, स्क्रू पूर्ण आवळूनही वरचं चाकडं मोठ्या चकतीला टेकत होतं. त्या दोन सायकली दहावीतल्या, उंच मुलींना दिल्या, हलका गियर अडीच मीटरचा.

खालचे पाच

इथे फारसं सांगण्यासारखं नाही. तिन्ही काळ्या सायकलींची १८ ची फ्रीव्हील काढून २२ ची घातली, चेनला दोन कड्या वाढवल्या, गियर साडेपाच मीटरवरून साडेचारवर आला. लेडीजवर २० ची घातली. या सायकलींचा मागचा एक्सल खाचेत मागे-पुढे सरकतो, त्यामुळे चेन ताणायला वेगळं काही लागत नाही. गियरच्या सायकली सिंगल करताना नेमकं तिथेच अडतं. आषाढातला समोरचा वारा लागला की १८ आणि २२ मधला फरक मांड्यांना कळतो.

पावसाळ्याआधी काळ्या सायकलींचे मडगार्ड काढून ठेवायला सांगितले. काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये असा गच्च बसतो की चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

देताना

सायकली शाळेत दिल्या तो दिवस शनिवार होता. गियर वापरायचा वर्ग आम्ही मैदानात घेतला नाही, मुलींना नाल्यापर्यंत घेऊन गेलो. थांबलेल्या सायकलला गियर बदलता येत नाही, पाय फिरत असावे लागतात; आणि चढावर पूर्ण जोर लावलेला असताना बदलायला गेलं तर चेन कटकट करून अडकते. त्यामुळे नाल्यात उतरतानाच लाल खुणेवर जायचं. हे तोंडी सांगून कळत नाही. प्रत्येकीने तीन-तीन वेळा नाला ओलांडला. पहिल्या वेळी बहुतेक जणी मध्येच थांबल्या.

सायकल निजवायची तर डाव्या अंगावर, हा नियम सगळ्यांकडून वदवून घेतला. गियरच्या जास्तीच्या केबल गुंडाळून प्रत्येक सीटखाली बांधल्या. चेन तोडायचं एक हत्यार शाळेत ठेवलं आणि तिथल्या तीन मोठ्या मुलांना डिरेलर तुटला तर चेन तोकडी करून सायकल सिंगलवर घरापर्यंत कशी न्यायची ते शिकवलं. जळकं ऑइल चेनला लावू नका म्हणून सांगितलं, धूळ चिकटून तेच सहाणेसारखं चेन खातं. हे कितपत पाळलं जाईल याची खात्री नव्हती, आणि पुढे दिसलं की पाळलं गेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये

पावसाळा संपल्यावर पाहणीला गेलो. बारापैकी अकरा सायकली रोज शाळेत येत होत्या. बारावी, एक काळी, मुलाच्या वडिलांनी चाऱ्याच्या भाऱ्यांसाठी लावली होती. मुलगा मित्राच्या मागे डबलसीट येत होता. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

सातपैकी एकही डिरेलर चाकात गेला नव्हता. दोन हँगर थोडे वाकले होते, पण साध्या शिफ्टरमुळे मुली ते अंगठ्यानेच सांभाळून घेत होत्या. तबकडीवर चेन घासल्याचे ओरखडे होते, म्हणजे तिने आपलं काम केलं होतं. दोन केबल बदललेल्या होत्या, सीटखालच्या. एका सायकलीची चेन पुढून पडते अशी तक्रार होती. आबांनी पाहिलं, तर पुढच्या डिरेलरचा पट्टा सैल होऊन पिंजरा खाली घसरला होता. घट्ट केला. सगळ्या चेन जळक्या ऑइलने काळ्याकुट्ट होत्या. ज्या दहावीच्या मुलींना अडीच मीटरचा गियर दिला होता त्यांच्यातली एक शेवटचे दीडशे मीटर अजून ढकलत जाते. तिच्यासाठी मोठा डिरेलर शोधून ठेवला आहे, पुढच्या रविवारी बसवायचा आहे.

आठवीतल्या सगळ्यात लहान मुलीच्या शिफ्टरवर मला लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये एक हिरवी खुण दिसली. आम्ही केलेली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "ताई, पांढऱ्यावरून एकदम लालवर गेलं की नाल्यात चेन अडकते. म्हणून उतारावरच आधी हिरव्यावर येते, मग फरशीवर लाल." खाली वाकून दाते मोजले. तिची हिरवी खुण बरोबर २४ वर होती, ३४ च्या मोठ्या उडीच्या आधीची शेवटची चकती. दोन टप्प्यांत जायचं तिला कोणी शिकवलं नव्हतं. बाकीच्या सहा जणींनाही आम्ही त्याच दिवशी हिरवी खुण करून दिली, तिच्याच शिशीतून.